ह्यांचा उरलेला शब्द

४ जानेवारी १९९८, रविवार. वणी

आज घरात आलं ते: चार पायांची चालायची काठी, जुनीच, ९० रुपये. मालिशचं तेल, एक बाटली, २४. तोटीचा पाणी पाजायचा कप, १२. मऊ भातासाठी तांदळाची कणी दोन किलो, १४. मेणबत्त्यांचा पुडा, ६. आणि हे स्वतः, चंद्रपूरच्या दवाखान्यातून अडतीस दिवसांनी. ती किंमत मांडत नाही.

वही आणली नाही. ह्यांचं कापूस खरेदी केंद्रावरचं एक जुनं रजिस्टर अर्धं कोरं होतं, तेच घेतलं. रकाने छापलेलेच आहेत: गाडी क्रमांक, नमुना, प्रत, शेरा. चालेल.

लिहायला डॉक्टरांनी सांगितलं. म्हणाले, "ताई, मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला मार बसलाय. शब्द एकच उरलाय. पण सूर उरलेत. कोणत्या वेळेला, कोणत्या सुरात म्हणतात ते रोज टिपून ठेवा. महिन्याभरात तुम्हालाच उमगायला लागेल." मी विचारलं, ह्यांना समजतं का? तर म्हणाले, "बरंच समजत असावं. किती, ते घरचेच सांगू शकतात."

लकव्यानं उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड डावीकडे ओढलंय. आणि शब्द उरलाय तो "लाईन".

बावीस हंगाम ग्रेडर म्हणून, कापसाची प्रत ठरवत, केंद्रावर काढले. कापसाच्या गाड्या फाटकापासून पार आमच्या घरासमोरून पुढे रस्त्याला लागायच्या, आणि हे दिवसभर ओरडायचे, "लाईनीत या," "लाईन सोडू नका," "कोणाची गाडी लाईन मोडून आली?" मला वाटतं, जे जास्त वापरलं तेच घासून टिकलं. पितळी तांब्यासारखं.

माझं नाव नाही टिकलं. सत्यशीला तसं लांबच आहे.

७ जानेवारी, बुधवार

आतापावेतो हाती आलेलं:
लांब, कण्हल्यासारखं: कूस बदला.
तुटक, दोनदा: लघवी. (इथे चूक परवडत नाही.)
शेवटी चढवलेलं: दारात कोण आलं?
नाकातून: नको.

चहाचा सूर अजून सापडला नाही. आज तीनदा चहा दिला, तीनदा तोंड फिरवलं. शेवटी कळलं, खिडकी उघडायला सांगत होते. उघडल्यावर रस्त्याकडे बघत बसले. तिसरा कप मीच प्यायले, फेकवला नाही.

शेजारच्या कोकिळाबाई येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात नर्सबाई रक्तदाब बघायला आल्या, नवीनच आहेत, तरुण. त्यांच्याकडे बघून हे म्हणाले, "लाईन?" कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मायबाई! सत्यशीलाबाई, भाऊ त नर्सबाईले लाईन मारून राह्यले! आजारपणात बी सुधरले नाही!" नर्सबाई लाजल्या. मला राग यायला हवा होता, पण बघते तर हे हसत होते. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होते. हातात पट्टा घेऊन आलं कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं, हे मला माहीत होतं. तरी मीही हसले. दीड महिन्यानं.

१२ जानेवारी, सोमवार. पौर्णिमा

विहारात जाता आलं नाही. पांढरं लुगडं नेसून घरीच मेणबत्ती लावली, ह्यांची खाट तसबिरीसमोर ओढली आणि वंदना म्हटली. मी "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं, आणि पाठीमागून आवाज आला. शब्द तोच, एकच. पण चाल अगदी बरोबर, जिथे स्वर लांबवायचा तिथे लांबवलेला. धम्मं, संघं, तिन्ही वेळा. मी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर पुढची वंदना झाली नसती.

पंचशीलापर्यंत पोचलो. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते म्हणताना मनात आलं, ह्यांचं हे शील आता आपोआपच पाळलं जाणार.

१५ जानेवारी, गुरुवार

दुपारी पंखा बंद पडला, गल्लीतली आटाचक्की थांबली. हे ठणठणीत आवाजात म्हणाले, "लाईन!"

कोकिळाबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "हाओ भाऊ, गेली लाईन! अख्ख्या गल्लीची गेली!"

दहा दिवसांत पहिल्यांदा शब्द आणि गोष्ट एका ठिकाणी भेटली. ह्यांचा चेहरा असा काही उजळला, जशी वीज ह्यांच्याच हुकमानं गेली. तासाभरानं आली तेव्हाही म्हणाले. तेही बरोबरच की. गेली तरी लाईन, आली तरी लाईन.

१९ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी उन्ह उतरलं की ह्यांना ओट्यावर खुर्चीत बसवते. यंदा दिवाळीनंतर पाऊस झाला, कापूस झाडावरच भिजला, पिवळा पडला. रंग गेलेल्या बोंडांचा डागी कापूस, कवडी म्हणतात तो, फार. केंद्रावर गाड्या नाकारतात, परत लाईनीच्या शेवटी लावतात. त्यामुळे आमच्या दारासमोर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या असतात.

गाडीवाले ह्यांना ओळखतात. आज दोघं ओट्याशी आले, ह्यांच्या मांडीवर कापूस ठेवला आणि बघत उभे राहिले. हे डाव्या हातानं चाचपडत होते, "लाईन, लाईन" म्हणत होते. ते दोघं मान हलवत होते, एक तर हसला. काल ज्या माणसाच्या शब्दावर तुमची गाडी तोलली जायची त्याची आज गंमत बघता? मी बाहेर जाऊन ह्यांना आत घेतलं आणि दार लावलं. हे नाकातून ओरडले. नको, नको. मला वाटतं, त्यांनाही तो अपमान सोसवला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

धम्मरत्नचं पत्र आलं. पोरगा पिंपरीला कारखान्यात आहे. त्याच्या खोलीवर फोन नाही, कारखान्यात बोलावून देत नाहीत, म्हणून पत्रच. लिहितो: आई, तू एकटी किती दिवस करशील. बाबांना आता काही समजत नाही, एकच शब्द बोलतात, ते तिथे लोकांपुढे तमाशा व्हायला नकोत. ममतानं खालची खोली रिकामी करून चुना लावून घेतला आहे. आठ मार्चला रविवार आहे, टेम्पो घेऊन येतो. घरमालकाला फेब्रुवारीअखेर सांगून ठेव. तुझा होकार आला की सुट्टी टाकतो.

पोरगं चांगलं आहे. सूनही चांगली. ज्याची सून सासऱ्यासाठी चुना लावते त्यानं तक्रार करू नये. पण "काही समजत नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं.

ह्यांचा कॉलेजातला शब्दकोश काढला. मी मॅट्रिकला होते तेव्हा लाईन म्हणजे रेषा, आणि रेषेला शेवट नसतो, एवढंच गुरुजींनी शिकवलेलं. शब्दकोशात दीड पान भरलंय. दोरी. रांग. रेघ. कपाळावरची आठी. कवितेची ओळ. घराण्याची पिढ्यांमागून पिढी. मासे धरायच्या गळाचा दोरा. कोटाला आतून अस्तर लावणं, तेही तोच शब्द! आणि शेवटी, कोणाला चार ओळी लिहून पाठवणं. एवढ्याशा शब्दाच्या पोटात इतकी माणसं राहतात, तर मग हे अगदीच गरीब झाले नाहीत.

ह्यांच्या बंडीला अस्तर लावायला घेतलंय, जुन्या नऊवारीचं. दोरा ओवताना त्यांना दाखवलं, "अहो, ही पण लाईनच." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेतल्या पोरीनं पाढा बरोबर म्हटला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बारा दिवस झाले, धम्मरत्नला उत्तर दिलं नाही. ह्यांना विचारल्याशिवाय कसं देऊ? आणि विचारू कसं? "जायचं का?" म्हटलं तर "लाईन." "राहायचं का?" तर "लाईन." सूर दोन्हीला वेगळे, पण त्यातला कोणता कशाचा ते रजिस्टरात नाही.

आज युक्ती सुचली. ह्यांचं काळं कापड काढलं. नमुना तपासायचा तर हे कापूस नेहमी काळ्या कापडावर घेत, पांढऱ्याचा कस काळ्यावरच कळतो म्हणत. मंजूर नमुना उजव्या बाजूला, नामंजूर डाव्या. ही सवय घरातही आली होती. वाटाण्याच्या शेंगा असोत, भुईमूग असो, धम्मरत्नसाठी आलेली स्थळं असोत, ह्यांच्यापुढे कापड अंथरायचं आणि बघत राहायचं. उजवीकडे गेलं ते घरात आलं. ममताचा फोटो असाच उजवीकडे गेला होता.

मांडीवर पाट ठेवून कापड पसरलं. एका अंगाला धम्मरत्नचं पत्र, एका अंगाला आपल्या दाराची किल्ली. म्हटलं, "अहो, नीट बघा. हे पत्र म्हणजे पोराकडे जाणं. ही किल्ली म्हणजे हे घर. तुम्ही म्हणाल तसं."

खूप वेळ बघितलं. मग डाव्या हाताच्या बोटांनी पत्र सरकवलं. उजवीकडे. नुसतं ठेवलं नाही, पार कडेपर्यंत सरकवलं, पाटावरून खाली पडलं. किल्ली हाताखालीच राहिली होती. मी काढायला गेले तर मूठ सुटेना. आजारपणात बोटं अशी आखडतात म्हणे. एकेक बोट उकलून ती काढावी लागली.

तर निकाल लागला. पोराकडे जायचं. मनाला समजावलं, बापाला पोराची ओढ असणारच. संध्याकाळी जेवले नाहीत. प्रवासाची काळजी असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

पत्र टाकलं. लिहिलं की बाबांनी स्वतः होकार दिला, ये.

अठ्ठावीस वर्षं वणीत झाली. भांडी कोणती न्यायची ते बघायला घेतलं.

११ फेब्रुवारी, बुधवार. माघ पौर्णिमा

हे आठ दिवस बोललेले नाहीत. म्हणजे तो शब्दसुद्धा नाही. रजिस्टरात आठ ओळी कोऱ्या. आज वंदनेलाही गप्प. मी तिन्ही सरणांनंतर थोडी थांबले, मागून येईल म्हणून. आलं नाही.

इतके दिवस त्या एका शब्दाला कंटाळायचे मी. आता घरात भांडं पडलं तरी बरं वाटतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे घडलं ते नीट लिहिते, गडबड न करता.

चार वाजता फकिरा आला. केंद्रावरचा जुना हमाल, ह्यांच्याबरोबर सोळा हंगाम गाड्यांवर चढलेला. दारातूनच, "जय भीम साहेब! बाई, साहेब ओट्यावर काहून बसून नाही राह्यले? लोक विचारून राह्यले."

मी म्हटलं, "गंमत बघायला विचारतात होय?"

"गंमत?" फकिरानं धोतराचा सोगा पुढे धरला. त्यात कापूस होता. "ह्या दोन गाड्यांचा नमुना हाय. साहेबाले दाखवाले आणला."

कापूस बघून ह्यांनी दहा दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. मी काळं कापड पसरलं. फकिरानं दोन्ही मुठी त्यावर ओतल्या. ह्यांनी डाव्या हातानं पुंजका उचलला, अंगठ्यानं तंतू ओढून बघितला, ओठाला लावून ओल बघितली. आणि वाटायला लागले. स्वच्छ पांढरा कापूस डावीकडे. पिवळा, कवडीचा कापूस उजवीकडे.

 बावीस वर्षं उजवीकडे मंजूर करणारा माणूस सडका कापूस मंजूर करत होता. म्हणजे धम्मरत्नच बरोबर. मी हळूच म्हटलं, "फकिरा, बघ ना रे. उलटं झालंय सगळं ह्यांच्या डोक्यात."

"काय उलटं?"

"चांगला कापूस डावीकडे टाकला की नाही? आधी कुठे ठेवायचे?"

फकिरा मोठ्यानं हसला. "बाई, तुम्ही बी बह्याडच हा! तवा साहेबाचा उजवा हात होता. चांगला माल माणूस आपल्या हातापाशी ठेवते, नको थो पार लोटते. आता हात डावा हाय, त चांगला माल डाव्या बाजूलेच राहीन ना जी? तुम्ही उजवं-डावं पाहून राह्यल्या. आम्ही जवळ-दूर पाह्यतो."

मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"पयल्याच दिवशी. मुकुटबनची गाडी होती. तिले केंद्रानं दोनदा परत लावलं. साहेबानं ह्या ओट्यावर बसून सांगतलं, एवढी कवडी आहे, एवढी काढ. त्यानं राती गाडीतच बसून निवडली, सकाळी गाडी पयल्या दमात पास. तवापासून साऱ्याहिले दाखवाचं हाय. तुम्ही त मंग दारच लावून घेतलं. लोक म्हणे, साहेबाची बाई कडक हाय, ग्रेडरपेक्षा बी."

हे ऐकत होते. कवडीचा एक पुंजका उचलून त्यांनी फकिराच्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "लाईन." दहा दिवसांनी.

"हाओ साहेब," फकिरा म्हणाला, "निवडाले सांगतो त्याहिले. थो मंगरूळवाला काही आयकत नाही पण, लय हट्टी हाय."

"लाईन!"

"बरं, तुमचं नाव सांगतो."

दोघं बोलत होते. मुद्दाम तसंच लिहिते, बोलत होते. मी चहा ठेवायला आत गेले आणि चुलीसमोर बसून राहिले. पत्र पार खाली पडेस्तोवर लोटलं होतं ह्यांनी. किल्लीवरची मूठ आखडलेली नव्हती, धरलेली होती. आणि मी एकेक बोट उकललं. अठ्ठावीस वर्षं ह्यांच्या हातच्या कमाईचं खाल्लं-प्यायलं, ह्यांच्या हाताकडे बघत बसले, आणि तो हात रस्त्यावरच्या गाडीवाल्यांना कळला, मला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वंदना झाल्यावर पुन्हा कापड पसरलं. आता पत्र डावीकडे ठेवलं, किल्ली उजवीकडे, मुद्दाम. काही सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग हात लांब करून पत्राला टिचकी मारल्यासारखं दूर केलं, आणि किल्ली ओढत ओढत पोटाशी घेतली.

म्हटलं, "अहो, त्या दिवशी मी चुकले. रागावलात?"

नाकातून: नको. म्हणजे, नाही.

कापड आवरायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. तेही ओढलं, किल्लीच्या बाजूला नेलं, आणि तिथे ठेवलं. मग तो शब्द म्हणाले. हळू, शेवट न चढवता, न तोडता. असा सूर रजिस्टरात कुठेच नाही. पण मी तो ऐकलेला आहे. केंद्रावरून आले की ओट्यावर चपला काढता काढता घरात हाक मारायचे, त्या हाकेचा तो सूर आहे.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. माझं नाव लिहिलं.

आता धम्मरत्नला लिहायचं आहे. चार तारखेला मी जे लिहिलं ते खोटं ठरलं. नकळत बोललेलं असलं तरी कळल्यावर एक दिवसही तसं ठेवता येत नाही. आज शेवटच्या डाकेत जाईल. जे लिहिलं त्याची नक्कल इथे ठेवते.

चि. धम्मरत्न व सौ. ममता यांस, सप्रेम जय भीम.

चार तारखेच्या पत्रात मी लिहिलं की बाबांनी होकार दिला. दिला नव्हता. त्यांनी नाही म्हटलं होतं, मला वाचता आलं नाही. दोष माझा आहे, त्यांच्या डोक्याचा नाही.

तू लिहिलंस की बाबांना काही समजत नाही. बाळा, आपल्या ओट्यावर गाडीवाले कापूस घेऊन येतात आणि बाबा डाव्या हातानं त्यांना सांगतात काय ठेवायचं, काय काढायचं. मीच आधी त्याला तमाशा समजले आणि दार लावलं. काल दार उघडलं. पाच गाड्या थांबल्या. बाबा जेवले दोन भाकरींचा काला.

टेम्पो सांगू नकोस. पण आठ मार्चला तू ये, ममताला घेऊन ये. तिनं लावलेल्या चुन्याची मला जाण आहे, ती खोली पावसाळ्यात आम्ही दोघं महिनाभर राहून वापरू. तू पाच वाजता बाबांजवळ ओट्यावर बस आणि बघ. तरीही तुला वाटलं की न्यायलाच हवं, तर तूच काळं कापड पसर आणि विचार. उजवं-डावं बघू नकोस. जवळ काय ठेवतात आणि दूर काय लोटतात ते बघ. कापड धुवून ठेवते.

मी एकटी आहे म्हणून काळजी करू नकोस. फकिरा सकाळी त्यांना उठवून बसवायला येतो म्हणालाय, आणि कोकिळाबाई भिंतीपलीकडे आहेतच.

घरमालकाला मी अजून काही बोलले नाही, आणि तुझं पत्र आल्याशिवाय बोलणार नाही. त्याला महिनाअखेरीस सांगायचं आहे, म्हणून उशीर करू नकोस.

पत्राच्या तळाशी एक वाकडी रेघ दिसेल. ती बाबांची आहे. डाव्या हातानं काढलेली पहिलीच. मी लिहीत होते तेव्हा सारखे "लाईन, लाईन" म्हणत होते, म्हणून पेन हातात दिलं. मी बोटसुद्धा लावलं नाही.

तुझ्याही चार ओळी उलट टपाली पाठव. आल्या की बाबांना ओट्यावर वाचून दाखवीन.

तुझी आई